नवा व्हल्कन एसडीके टाकला आणि चालता कोड एरर द्यायला लागला: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने व्हल्कनवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काम सांगायच्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसवर, स्वतःचा छोटा रेंडरर (चित्र काढणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे, व्हल्कन १.३ च्या काळातला. जुन्या एसडीकेवर (प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हत्यारांच्या संचावर) तो एकही तक्रार न येता चालत होता. १.४ मालिकेतला नवा एसडीके टाकल्यावर चित्र अगदी पूर्वीसारखंच दिसतं, पण व्हॅलिडेशन लेयर, म्हणजे कोडमधल्या चुका पकडणारा तपासनीस, सतत एकच एरर छापतोय: ज्या सेमाफोरला (एक काम संपल्याचं दुसऱ्याला कळवणारा निरोप्या) तुम्ही सिग्नल देताय तो अजून स्वॅपचेनच्या (पडद्यावर पाळीपाळीने जाणाऱ्या इमेजच्या संचाच्या) वापरात असू शकतो. त्यावर त्यांचे तीन प्रश्न आहेत. नव्या एसडीकेत बग आहे का? जुन्यावर परत जाऊ का? आणि नवाच ठेवला तर माझा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही नवा ड्रायव्हर घ्यावा लागेल का?

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. ही चूक तुमच्या कोडमधली आहे आणि पहिल्या दिवसापासून आहे. नव्या एसडीकेने ती फक्त पकडली. वापरणाऱ्यांना एसडीके लागत नाही, आणि तुम्ही नव्या एसडीकेवर बिल्ड केलं एवढ्याच कारणाने त्यांना नवा ड्रायव्हरही लागत नाही. परत जायचं का, हे मात्र एका शब्दात सांगता येणार नाही. डिलिव्हरी कधी आहे, प्रोजेक्टवर किती जण आहेत, मॅकवर चालवायचंय का, यावर ते ठरतं. त्याकडे शेवटी येते.

मी व्हल्कनवर काम करते ते २०१६ च्या फेब्रुवारीत १.० आलं तेव्हापासून. एसडीके बदलला की हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला टीममधल्या नव्या माणसाकडून ऐकायला मिळतो. म्हणून थोडं मुळापासून लिहिते.

गोंधळ होतो कारण 'व्हल्कन' या एका नावाखाली आपण चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. पहिली म्हणजे स्पेसिफिकेशन, नियमांचं पुस्तक. ते क्रोनोस ग्रुप प्रसिद्ध करतो. दुसरी म्हणजे ड्रायव्हर. तो कार्ड बनवणारी कंपनी देते, लिनक्सवर बऱ्याचदा मेसा प्रकल्पातून येतो. तिसरी लोडर, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये बसलेली लायब्ररी. विंडोजवर ती ड्रायव्हरबरोबर येते, लिनक्सवर डिस्ट्रोच्या पॅकेजमधून, अँड्रॉइडवर ती सिस्टीमचाच भाग असते. चौथी गोष्ट एसडीके. तो लूनार-जी ही कंपनी बांधून देते, आणि त्यात हेडर, लिंक करायची लायब्ररी, व्हॅलिडेशन लेयर, शेडरचा (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) कंपायलर, लेयरच्या सेटिंग बदलणारा व्हल्कन कॉन्फिगरेटर, कार्डाची माहिती छापणारा व्हल्कन-इन्फो अशी सगळी हत्यारं असतात.

आता बघा, एसडीके बदलल्यावर यातलं नक्की काय बदललं? ड्रायव्हर तोच आहे. तुमचं कार्ड काल जे करत होतं तेच आज करतंय. बदललं ते तुमचं तपासायचं भिंग. व्हॅलिडेशन लेयर हा तुमच्या प्रत्येक कॉलच्या आड बसून तो नियमांत बसतो का हे बघणारा एक मोठा प्रोग्रॅम आहे. त्यात नवे तपास सतत भरले जातात, कारण स्पेसिफिकेशनमधले हजारो नियम एका दिवसात कोडमध्ये उतरत नाहीत. काही नियम १.० पासून पुस्तकात आहेत, पण ते तपासायला लेयरने बरीच अंतर्गत नोंद ठेवावी लागते, म्हणून त्यांचा तपास काही वर्षांनी येतो. तुमच्या सेमाफोरचा नियम त्यातलाच आहे. २०२५ च्या एसडीकेंमध्ये तो तपास आला आणि अनेकांच्या जुन्या, 'स्वच्छ' प्रोजेक्टमध्ये एकदम एरर दिसू लागल्या.

ही एरर नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती चुकीच्या समजुतीतून येते, टायपिंगच्या चुकीतून नाही. सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या कितीतरी धड्यांत हाच साचा होता: एका वेळी दोन फ्रेम हवेत ठेवायच्या (आधीची संपायच्या आत पुढचीचं काम सुरू करायचं), आणि प्रत्येक फ्रेमला तीन वस्तू द्यायच्या. इमेज मिळाली हे सांगणारा सेमाफोर, रेंडरिंग संपलं हे सांगणारा सेमाफोर, आणि सीपीयूने थांबायची फेन्स. दिसायला अगदी नीटनेटकं. मीही पूर्वी असंच लिहीत होते.

समजा स्वॅपचेनमध्ये तीन इमेज आहेत. पहिल्या फ्रेमला इमेज शून्य मिळाली. तुम्ही सबमिट केलं, म्हणजे काम कार्डाकडे दिलं, त्याने 'रेंडरिंग संपलं' हा सेमाफोर क्रमांक शून्य सिग्नल केला, आणि प्रेझेंट, म्हणजे इमेज पडद्यावर दाखवायची विनंती, त्या सेमाफोरची वाट बघत रांगेत लागला. दुसऱ्या फ्रेमला इमेज एक आणि सेमाफोर एक. तिसऱ्या फ्रेमला पुन्हा पहिल्या संचाची पाळी. तुम्ही त्याच्या फेन्सवर थांबता, फेन्स मोकळी होते, आणि तुम्ही सेमाफोर शून्य पुन्हा सिग्नल करायला देता, या वेळी इमेज दोनसाठी.

इथे थांबा. ती फेन्स तुम्हाला काय सांगत होती? पहिल्या फ्रेमचं सबमिट संपलं, एवढंच. त्यानंतरच्या प्रेझेंटबद्दल ती एक अक्षर बोलत नाही, कारण प्रेझेंटला तुम्ही फेन्स दिलेलीच नाही. इमेज शून्य पडद्यावर नेणारी यंत्रणा सेमाफोर शून्यवर थांबून पुढे गेली की अजून तिथेच आहे, हे तुमच्या प्रोग्रॅमला कुठूनही कळलेलं नाही. आणि बायनरी सेमाफोरचा नियम असा की सिग्नल करायच्या क्षणी तो सिग्नल नसलेल्या अवस्थेत असला पाहिजे. आधीची वाट पाहणी झालेलीच नसेल तर तुम्ही त्याच निरोप्याच्या हातात दुसरी चिठ्ठी कोंबताय.

मग प्रेझेंटने सेमाफोर सोडला हे कळतं कधी? तीच इमेज तुम्हाला परत मिळते तेव्हा. इमेज शून्य पुन्हा तुमच्या हातात आली आणि ती मिळाल्याच्या सिग्नलवर तुमचं काम थांबलं, म्हणजे तिचं आधीचं प्रेझेंट नक्की उरकलेलं आहे. म्हणून 'रेंडरिंग संपलं' हा सेमाफोर फ्रेमला न बांधता इमेजला बांधायचा. स्वॅपचेनमध्ये जितक्या इमेज तितके सेमाफोर बनवा, आणि इमेज मागताना जो क्रमांक परत येतो त्या क्रमांकाचा सेमाफोर वापरा. 'इमेज मिळाली' हा सेमाफोर मात्र फ्रेमलाच बांधलेला राहू द्या. तो इमेज मागायच्या आधीच द्यावा लागतो, आणि त्या वेळी कोणती इमेज येणार हे माहीत नसतं.

दोन जागी घसरायला होतं. एक, काही जण हवेतल्या फ्रेमची संख्या वाढवून तीन करतात, इमेज तीन आणि फ्रेमही तीन म्हणजे हिशेब जुळला असं समजून. जुळत नाही. इमेज क्रमानेच परत येतील अशी हमी नाही. मेलबॉक्स मोडमध्ये, जिथे नवी इमेज रांगेतल्या जुन्या इमेजची जागा घेते, तर क्रम सहज मोडू शकतो. एरर कदाचित तुमच्या मशीनवर दिसेनाशी होईल, चूक तशीच राहील. दुसरी जागा म्हणजे खिडकीचा आकार बदलल्यावर स्वॅपचेन नव्याने बनते. तेव्हा इमेजची संख्याही बदलू शकते, म्हणून सेमाफोरची यादी स्वॅपचेन बनवणाऱ्या फंक्शनमध्येच बनवा, सुरुवातीला एकदाच नको. जिथे प्रेझेंटलाही फेन्स देऊ देणारं स्वॅपचेन मेंटेनन्सचं एक्स्टेंशन उपलब्ध आहे तिथे तोही मार्ग आहे, पण ते सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. क्रमांक बदलणं हे दहा ओळींचं काम आहे आणि सगळीकडे चालतं.

एवढं केल्यावर एरर जाईल. तरी 'चित्र तर बरोबर दिसत होतं' हा मुद्दा उरतोच, आणि त्याला मी हलकं समजत नाही. चित्र बरोबर दिसणं याचा अर्थ एवढाच की तुमच्या कार्डावर, तुमच्या ड्रायव्हरवर, आजच्या वेगाला ती शर्यत तुम्ही जिंकताय.

मी ज्या एका प्रोजेक्टवर होते तिथे कॉम्प्युट शेडर एक इमेज लिहायचा आणि नंतरच्या सबमिटमध्ये फ्रॅगमेंट शेडर ती वाचायचा. मध्ये बॅरिअर (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवणारी आज्ञा) होता, पण त्यात 'कोणाचं काम संपायची वाट बघायची' त्या जागी कॉम्प्युटऐवजी कलर अटॅचमेंटचा टप्पा लिहिला गेला होता. माझ्या मशीनवर वर्षभर काहीच दिसलं नाही. मग एका सहकाऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्या बनावटीच्या कार्डावर, कोपऱ्यात लहान काळे चौकोन लुकलुकायला लागले, तेही शेकडो फ्रेममध्ये एखाद्या वेळी. आम्ही ड्रायव्हर बदलले, शेडर ओळीओळीने तपासले, ताप वाढल्याने होतं का तेही बघितलं. जुन्या लेयरमधला सिंक्रोनायझेशनचा तपास एकाच कमांड बफरच्या आत बघायचा, म्हणून दोन वेगळ्या सबमिटमधली ही चूक त्याला दिसत नव्हती. नंतरच्या आवृत्त्यांत सबमिटच्या पलीकडेही तपास होऊ लागला. नवा एसडीके टाकून तो तपास चालू केला, आणि पहिल्याच फ्रेमला ओळ आली: लिहून पूर्ण होण्याची खात्री नसताना वाचन. इमेजच्या नावासकट, कारण सुदैवाने आम्ही वस्तूंना डीबग नावं दिलेली होती. तेव्हापासून नवा एसडीके आला की त्याच्या एररकडे मी वैतागून बघत नाही. कुणीतरी माझ्या कोडची फुकट तपासणी करून दिलेली असते.

आता दुसरी बाजू, कारण लेयर चुकत नाही असं मी म्हणणार नाही. तोही माणसांनी लिहिलेला कोड आहे, आणि नवा तपास आला की पहिल्या एक-दोन आवृत्त्यांत कधीकधी खोटी एरर येते. फरक कसा ओळखायचा? प्रत्येक संदेशात नियमाचा ओळख क्रमांक असतो. तुमच्या एररमध्ये तो 'क्यू सबमिट'च्या 'सिग्नल सेमाफोर' भागाचा, शेवटी ००६७ असलेला आहे. तो क्रमांक स्पेसिफिकेशनमध्ये शोधा आणि नियमाचं मूळ वाक्य वाचा. लेयरचा संदेश हा त्या वाक्याचा सारांश असतो. कोड बदलण्याआधी मूळ वाक्य वाचायचं. वाक्य वाचून 'मी हे मोडतोय' असं पटलं तर चूक तुमची. मनापासून वाचूनही पटलं नाही तर तेवढाच प्रकार दाखवणारा शंभर-दोनशे ओळींचा वेगळा प्रोग्रॅम लिहा. माझ्या अनुभवात असा छोटा प्रोग्रॅम लिहिता लिहिताच बहुतेक वेळा स्वतःची चूक सापडते. नाहीच सापडली, तर लेयरचा सोर्स खुला आहे, तिथल्या तक्रारींत शोधा, नसेल तर तो छोटा प्रोग्रॅम जोडून नवी तक्रार टाका. तिथे काम करणारी माणसं अशा तक्रारी मनावर घेतात.

खोटी एरर आहे असं सिद्ध झालं तर तेवढाच क्रमांक कॉन्फिगरेटरमधून गप्प करता येतो. सगळा लेयर बंद करू नका. आणि गप्प केलेल्या प्रत्येक क्रमांकाशेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या एसडीकेला तो परत उघडून बघता येतो.

आता वापरणाऱ्यांचा प्रश्न. इथे आकड्यांचा घोळ होतो, म्हणून जरा सावकाश. एसडीकेचा क्रमांक चार भागांचा असतो, उदाहरणार्थ १.३.२९६.०. पहिले तीन भाग सांगतात की आतले हेडर स्पेसिफिकेशनच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत. शेवटचा भाग एसडीकेच्या स्वतःच्या दुरुस्तीचा. तुमच्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने याशिवाय तीन आकडे असतात: तुम्ही इन्स्टन्स बनवताना मागितलेली आवृत्ती, वापरणाऱ्याच्या लोडरची आवृत्ती, आणि त्याच्या कार्डाने जाहीर केलेली आवृत्ती. हेडर १.४ चे असले म्हणून तुमचा प्रोग्रॅम १.४ चा होत नाही. तुम्ही १.२ मागितलं आणि १.२ पुरतंच वापरलं, तर तो १.२ च्या कार्डावर चालतो, हेडर कितीही नवे असोत.

मोडतं ते तिथे, जिथे नवं फंक्शन सरळ लिंक केलेलं असतं. डायनॅमिक रेंडरिंग, म्हणजे रेंडर पासची वस्तू आधी न बनवता चित्र काढणं, १.३ मध्ये मुख्य भागात आलं. त्याचं मुख्य नावाचं फंक्शन तुम्ही एसडीकेच्या लायब्ररीतून थेट लिंक केलं आणि वापरणाऱ्याच्या मशीनवरचा लोडर त्याहून जुना असला, तर प्रोग्रॅम मुळात सुरूच होणार नाही. तुमची सभ्य भाषेतली 'कृपया ड्रायव्हर बदला' ही पाटी दाखवायलाही संधी मिळत नाही, कारण तुमच्या पहिल्या ओळीपर्यंत गाडी पोहोचतच नाही. म्हणून फंक्शनचे पत्ते चालू प्रोग्रॅममध्ये मागून घ्यायची सवय ठेवा. व्होल्क नावाची छोटी लायब्ररी हेच काम करते आणि मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी तीच घालते. मग कार्डाची आवृत्ती आणि फीचर बघून ठरवता येतं, नव्या वाटेने जायचं की जुन्या रेंडर पासने.

याहून फसवा प्रकार मर्यादांचा आहे. १.४ हे डिसेंबर २०२४ मध्ये आलं, आणि त्याचा मोठा भाग म्हणजे आधी ऐच्छिक असलेल्या गोष्टी सक्तीच्या झाल्या: पुश डिस्क्रिप्टर, स्केलर ब्लॉक लेआउट वगैरे. सोबत किमान मर्यादाही वाढल्या. पुश कॉन्स्टंटला (शेडरला झटपट देता येणाऱ्या थोड्याशा डेटाला) पूर्वी किमान १२८ बाइटची हमी होती, १.४ मध्ये ती २५६ झाली. तुम्ही नव्या एसडीकेबरोबरची माहिती वाचता, दोन ४×४ मॅट्रिक्सवर आणखी काही पुश कॉन्स्टंटमध्ये घालता, तुमच्या कार्डावर सगळं व्यवस्थित चालतं. दोन मॅट्रिक्सनेच १२८ बाइट भरलेले असतात हे लक्षात येत नाही. व्हॅलिडेशन लेयरही काही बोलत नाही, कारण तो तुमच्या कार्डाच्या मर्यादेशी ताडून बघतो, वापरणाऱ्याच्या नाही. मग १.१ चा एखादा जुना फोन किंवा जुनं कार्ड येतं आणि पाइपलाइन लेआउट बनतानाच प्रोग्रॅम पडतो.

यावर एसडीकेमध्येच एक उपाय पडून असतो आणि फार कमी लोक तो वापरतात: प्रोफाइल्स लेयर. तो तुमच्या चांगल्या कार्डाला कमी मर्यादांचं, कमी फीचरचं कार्ड असल्याचं सोंग घ्यायला लावतो. मर्यादा खाली आणा, व्हॅलिडेशन चालू ठेवा आणि प्रोग्रॅम चालवा. जे कार्डात मुळात नाही ते हा लेयर निर्माण करू शकत नाही, पण जे आहे ते झाकतो, आणि इथे तेवढंच हवं असतं.

मॅकवर चालवणार असाल तर वेगळं सांगायला हवं. तिथे व्हल्कन सरळ नसतं, ॲपलच्या मेटल या ग्राफिक्स इंटरफेसच्या वर सहसा मोल्टन-व्हीके हा भाषांतर करणारा थर बसवून चालतं, आणि लोडर व मोल्टन-व्हीके तुम्हीच तुमच्या ॲपच्या आत बांधून द्यायचे असतात. म्हणजे मॅकपुरतं एसडीके बदलणं हे वापरणाऱ्यांच्या हातातली वस्तू बदलणंच आहे. २०२२ मध्ये १.३.२१६ आल्यावर अनेकांचा प्रोग्रॅम मॅकवर इन्स्टन्स बनवतानाच 'ड्रायव्हर जुळत नाही' म्हणून थांबायला लागला होता. कारण असं की तेव्हापासून लोडर अपूर्ण अंमलबजावणीची उपकरणं आपणहून दाखवत नाही. पोर्टेबिलिटीचं एक्स्टेंशन आणि त्याचा फ्लॅग देऊन 'मला तीही दाखव' असं सांगावं लागतं. कोड तोच, ड्रायव्हर तोच, बदललेल्या लोडरमुळे प्रोग्रॅम बंद. त्यामुळे विंडोज आणि लिनक्सबद्दल मी जितक्या निर्धास्तपणे 'टाका नवा एसडीके' म्हणते तितकं मॅकबद्दल म्हणत नाही. तिथे नवीन आवृत्तीच्या सूचना पूर्ण वाचा आणि खऱ्या मशीनवर चालवून बघा.

इथवरचं थोडक्यात: लेयर नवा झाला म्हणून चूक दिसली, ड्रायव्हर बदललेला नाही, आणि वापरणाऱ्याला काय लागेल हे तुम्ही मागितलेली आवृत्ती, फंक्शन घ्यायची पद्धत आणि गृहीत धरलेल्या मर्यादा यांवर ठरतं.

आता एसडीके बदलण्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण 'नवीन टाकला' असं म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या मशीनवर अर्धा जुनाच चालू असतो. इन्स्टॉलर एसडीकेचा रस्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल किंवा एडिटर जुनाच रस्ता धरून बसतं. त्याहून चिवट म्हणजे सी-मेक या बिल्ड साधनाची कॅश: तिने हेडरचा जुना पत्ता एकदा लिहून ठेवला की ती तो सोडत नाही. मग नवा लेयर, जुने हेडर आणि आणखी जुना शेडर कंपायलर अशी खिचडी होते आणि येणाऱ्या एररचा काही अर्थ लागत नाही. एसडीके बदलल्यावर बिल्डचा फोल्डर सरळ पुसा आणि पहिल्यापासून बनवा. कोणता लेयर कुठून चढतोय याची शंका असेल तर लोडरचा डीबग व्हेरिएबल चालू करा. तो प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता छापतो. त्यात तुमचे नसलेले लेयरही दिसतील. स्क्रीन रेकॉर्ड करणारी किंवा गेमवर आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर स्वतःचे लेयर गुपचूप घालतात, आणि एसडीके बदलल्यावर आलेला क्रॅश कधीकधी त्यांच्यापैकी एकाचा असतो.

वेगाबद्दलही तेच. 'नव्या एसडीकेने माझा प्रोग्रॅम मंद केला' हे मी बऱ्याचदा ऐकते, आणि निघतं असं की कॉन्फिगरेटरमधून जीपीयूच्या मदतीने होणारा तपास किंवा सिंक्रोनायझेशनचा तपास सगळ्या प्रोग्रॅमसाठी चालू राहिलेला आहे. वेळ मोजायची तर सगळे लेयर बंद आहेत हे आधी बघा.

कंपाइलच होत नसेल तर संशयित बहुधा सी++ चा हेडर. सी चा हेडर जुन्या कोडशी जुळवून घेण्याबाबत फार काटेकोर आहे. सी++ चा हेडर यंत्राने तयार होतो आणि त्यात नावं किंवा परतीचे प्रकार मधूनमधून बदलतात. तो वापरत असाल तर हेडर प्रोजेक्टमध्येच ठेवा, म्हणजे एसडीके बदलला तरी कोड तुटत नाही. शेडरची काळजी त्यामानाने कमी. जीएलएसएल या शेडर भाषेच्या कंपायलरला तुम्ही लक्ष्य आवृत्ती सांगितली नाही तर तो १.० साठीच स्पर-व्ही (ड्रायव्हरला द्यायचं शेडरचं तयार रूप) बनवतो, नव्या एसडीकेतही. तरी लक्ष्य आवृत्ती बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट लिहून ठेवावी असं माझं मत आहे. १.२ म्हणजे स्पर-व्ही १.५, १.३ म्हणजे १.६, आणि जुन्या ड्रायव्हरला १.६ दिलं तर तो ते घेणार नाही. स्लँग या दुसऱ्या शेडर भाषेचा कंपायलरही आता एसडीकेत येतो. तो चांगला आहे, पण एसडीके बदलणं आणि शेडरची भाषा बदलणं ही दोन कामं एकाच आठवड्यात करू नका.

राहिला परत जायचा प्रश्न. एका मशीनवर अनेक एसडीके शेजारीशेजारी राहू शकतात, प्रत्येकाचा फोल्डर वेगळा असतो. त्यामुळे 'परत जाणं' म्हणजे काही उखडून टाकणं नाही, फक्त रस्ता बदलणं. डिलिव्हरीला आठवडा उरला असेल तर मी तुमच्या जागी जुन्याकडे वळेन, ही सेमाफोरची दुरुस्ती मात्र आताच करेन, कारण ती जुन्या एसडीकेवरही तितकीच बरोबर आहे. टीममध्ये चार जण असतील तर एकाने नवा आणि तिघांनी जुना असं कधीच ठेवू नका; एकाला दिसणारी एरर दुसऱ्याला दिसत नाही आणि वाद निष्कारण वाढतात. आमच्याकडे एसडीकेचा क्रमांक रिपॉझिटरीतल्या एका फाइलमध्ये असतो आणि बिल्ड सर्व्हर तोच वापरतो. सोबत रात्री चालणारं एक वेगळं बिल्ड असतं, ते सगळ्यात नव्या एसडीकेवर चालतं आणि त्यात एरर आली तरी कोणाचं काम अडत नाही. नव्या तपासांची खबर आम्हाला तिथून लागते, आणि मोकळा आठवडा बघून आम्ही क्रमांक पुढे नेतो. प्रत्येक आवृत्ती घ्यायलाच हवी असं नाही. पण एक वर्षाहून जास्त मागे मी राहत नाही, कारण मग एकदम पन्नास एरर समोर येतात आणि त्यातली खरी कोणती हे निवडायलाच दिवस जातात.

एकटे काम करत असाल आणि डिलिव्हरी जवळ नसेल, तर नवाच ठेवा. आधी बिल्डचा फोल्डर पुसा, मग सेमाफोर इमेजला बांधा, मग सिंक्रोनायझेशनचा तपास एकदा चालू करून प्रोग्रॅम पाच मिनिटं चालवा, खिडकीचा आकार बदलत, मिनिमाइज करत. त्यानंतरही तीच एरर राहिली तर इथे चार गोष्टी टाका: संदेशाचा पूर्ण मजकूर, व्हल्कन-इन्फोचा सारांश, स्वॅपचेनमध्ये किती इमेज मिळाल्या तो आकडा, आणि इमेज मागण्यापासून प्रेझेंटपर्यंतचा तुमचा कोड. मी बघते.